बांधून आणलेले इंजिन का थरथरते?

(कॅडेट, इयत्ता दहावी, ऑटोमोबाइल हॉबी क्लब)

गाडीचे इंजिन उतरवले, खोलले, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग घालून पुन्हा बांधले, की सर्वांची एकच अपेक्षा असते. आता ते नव्यासारखे चालले पाहिजे. पण पुष्कळदा असे होते की इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, धूर कमी झालेला असतो, तेलाचा दाब चांगला असतो आणि तरीही गाडी थरथरते. गिअरचा दांडा हातात नाचतो, आरशातले चित्र पुसट होते, पायाला मुंग्या येतात. मग लगेच निकाल दिला जातो, "इंजिन नीट बांधलेले नाही. पुन्हा खोला."

हा निकाल फार महाग पडतो. इंजिन पुन्हा खोलायचे म्हणजे नवी हेड गॅस्केट, नवे ऑइल, नवे कूलंट, दुसऱ्यांदा मजुरी आणि आठवडाभर गाडी बंद. शिवाय ज्या कारागिराने इंजिन बांधले त्याच्या नावावर ठपका बसतो. तो ठपका खरा आहे की नाही, हे इंजिन न खोलताही बऱ्याच अंशी समजू शकते. ते कसे, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी मी चार सिलिंडरचे, साध्या पंपाचे जुने डिझेल इंजिन घेतले आहे, कारण आपल्या एमटी शेडमधल्या जीपला तेच आहे.

कंपन मुळात येते कुठून?

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सिलिंडर चार असतील तर दोन फेऱ्यांत चार धक्के, म्हणजे एका फेरीत दोन. हे धक्के बहुतेक इंजिनांत १-३-४-२ या क्रमाने बसतात. क्रँकला फिरवणारा जोर सलग नसतो, तो ठोक्याठोक्याने मिळतो. फ्लायव्हील जड ठेवतात ते याचसाठी. ते ठोके पोटात घेऊन फेरी सारखी ठेवते.

दुसरे कारण पिस्टनची ये-जा. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. त्यामुळे त्यांचे जोर बरेचसे एकमेकांना खोडतात, पण पूर्ण नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात खालच्यापेक्षा जास्त वेगाने सरकतो. हा फरक चारही पिस्टनमध्ये एकाच दिशेने येतो आणि एका फेरीत दोनदा इंजिनाला वर-खाली हलवतो. म्हणजे चार सिलिंडरचे अगदी निर्दोष इंजिनही थोडे हलणारच. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात हे जोरही आपसात मिटतात, म्हणून ते जास्त शांत चालते. बुलेटला एकच सिलिंडर असल्यामुळे तिचे जोर खोडायला दुसरा पिस्टनच नाही, आणि ती कशी चालते हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

तेव्हा पहिला धडा असा, की "इंजिन हलते का?" हा प्रश्नच अपुरा आहे. "एका फेरीत किती वेळा हलते?" हे विचारायला हवे.

तीन आकडे

इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्लो चालले आहे असे धरा.

पहिला आकडा: दोन फेऱ्यांत एकदा. मिनिटाला ४०० हिसके, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७. हा आकडा आला तर एखादा सिलिंडर बाकीच्यांच्या बरोबरीने काम करत नाही. त्याला डिझेल कमी मिळते, त्याचे कॉम्प्रेशन कमी आहे किंवा त्याचा टॅपेट घट्ट आहे. गॅरेजच्या भाषेत इंजिन "मिसिंग" करते.

दुसरा आकडा: एका फेरीत एकदा. मिनिटाला ८००, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.३. हा आला तर क्रँकबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा तोल गेलेला आहे. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्रँकची पुली, किंवा वेगवेगळ्या वजनाचे पिस्टन आणि रॉड यांवर संशय घ्यावा.

तिसरा आकडा: एका फेरीत दोनदा. मिनिटाला १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे २६.७. हा चार सिलिंडरच्या इंजिनाचा स्वभावच आहे. तो बसणाऱ्याला जास्त जाणवू लागला, तर बहुधा इंजिनात दोष नसतो. दोष असतो तो कंपन अडवणाऱ्या रबरात, किंवा चासीला कुठेतरी टेकलेल्या पाइपात.

आपल्या शेडमध्ये सगळे बोलणे हिंदीत चालते आणि तिथे या तिन्हींना "काँप रहा है" एवढेच म्हणतात. मराठीत मात्र आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते इथे फार उपयोगी पडतात. पहिला प्रकार म्हणजे हिसके किंवा धडधड. प्रत्येक धक्का वेगळा कळतो. दुसरा प्रकार म्हणजे थरथर. ती वेग वाढेल तशी वाढत जाते. तिसरा प्रकार म्हणजे भुणभुण. ती हातापेक्षा पत्र्यात आणि कानात जास्त जाणवते. वहीत नोंद करताना यांपैकी योग्य शब्द लिहिला, तरी अर्धे निदान होते.

पाना उचलण्यापूर्वी चार प्रश्न

१. गाडी उभी असताना कंपन येते, की फक्त चालताना? फक्त चालताना येत असेल तर इंजिन बाजूला ठेवा आणि प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि चाके पाहा. गिअरबॉक्स उतरवताना प्रोपेलर शाफ्ट सोडावाच लागतो. परत जोडताना त्याच्या दोन तुकड्यांवरच्या खुणा समोरासमोर आल्या नाहीत, तर गाडी चालताना थरथरते आणि दोष नव्या इंजिनाला लागतो. एक सोपी परीक्षा आहे. गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदला. कंपन तसेच राहिले तर ते शाफ्टचे किंवा चाकांचे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलले तर ते इंजिनाकडचे.

२. कोणत्या फेऱ्यांवर येते? स्लोवर जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर मिसिंग किंवा रबरे. रेसबरोबर वाढतच जात असेल, तर तोल. एखाद्या ठरावीक वेगापाशीच येऊन पुढे जात असेल, तर एखादा भाग त्या वेगाला अनुनादात येतो आहे. तो पाइप, ब्रॅकेट किंवा सैल पत्रा असू शकतो.

३. क्लच दाबल्यावर बदलते का? बदलले तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तपासा. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. क्लच दाबला तरी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट क्रँकबरोबर फिरतच राहतात. त्यामुळे "क्लच दाबून फरक पडला नाही, म्हणजे क्लचचा संबंध नाही" हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे.

४. इंजिन बांधताना आणि बसवताना काय काय सोडले होते? ही यादी कागदावर लिहा. काम होण्यापूर्वी गाडी थरथरत नव्हती आणि आता थरथरते, तर कारण बहुतेक या यादीतच असते.

तपासणीचा क्रम

नियम एकच. जे फुकट आणि उलट फिरवता येण्याजोगे ते आधी, जे खर्चाचे आणि खोलण्याचे ते शेवटी.

(अ) डोळ्यांनी पाहणे. सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे आवरण, गिअरचा दांडा, केबल चासीला टेकते का? जिथे लोखंड लोखंडाला घासते तिथे रंग उडून चमक येते. संशय असेल तिथे जाड कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती अडकली तर तिथे जागा नाही.

(आ) इंजिनाची रबरे, ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. रबर फाटले आहे का, तेलाने फुगले आहे का, डावे-उजवे अदलाबदल झाले आहे का? इंजिन बसवताना एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर रबर पिळलेल्या स्थितीतच अडकते. मग नट थोडे सैल करावेत, इंजिन मिनिटभर स्लो चालू ठेवून त्याला आपली जागा घेऊ द्यावी, बंद करावे आणि मगच नट आवळावेत. गिअरबॉक्सखालचे रबरही विसरू नये.

(इ) डिझेलमधील हवा. पाइप सोडल्यामुळे आत हवा शिरते. इंजिन फिल्टरपासून पंपापर्यंत आणि पंपापासून नोजलपर्यंत एअर काढल्याशिवाय सारखे चालत नाही. यासाठी पाना आणि दहा मिनिटे पुरतात.

(ई) एकेक सिलिंडर तोडून पाहणे. इंजिन स्लोवर असताना एका नोजलच्या पाइपाचा नट थोडा सैल करतात. तो सिलिंडर काम करत असेल तर फेऱ्या लगेच पडतात. फेऱ्या पडल्याच नाहीत, तर तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला होता. ही परीक्षा फक्त जुन्या साध्या पंपाच्या इंजिनावर आणि फक्त उस्तादांच्या हातूनच करायची. कॉमन रेल इंजिनावर ती कधीही करू नये. तिथे पाइपातला दाब जीवघेणा असतो.

(उ) कॉम्प्रेशन आणि टॅपेट. एखादा सिलिंडर कमजोर निघाला तरच ही पायरी. टॅपेटची फट फीलर गेजने मोजावी. कॉम्प्रेशनचा आकडा मॅन्युअलशी ताडावा आणि चारही सिलिंडर एकमेकांशी ताडावेत. चौघांत एक वेगळा असणे हीच खरी खूण आहे.

(ऊ) बेल्ट काढून पाहणे. फॅन, वॉटर पंप आणि आल्टरनेटर बेल्टवर फिरतात. बेल्ट काढल्यावर कंपन गेले, तर दोष त्यांपैकी एकात. बेल्टशिवाय इंजिन एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, कारण पाणी फिरत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागेच असतो, म्हणून बेल्ट नसताना गाडी जागची हलवू नये.

(ए) फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट. यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण इंजिन जागेवरच राहते. फ्लायव्हील क्रँकवर खुणेप्रमाणे आहे का? प्रेशर प्लेटची खूण फ्लायव्हीलच्या खुणेसमोर आहे का? डॉवेल पिन जागेवर आहेत का?

(ऐ) शेवटी इंजिनाचे पोट. पिस्टन आणि रॉडची वजने, क्रँकचा तोल, रॉडच्या टोप्यांचे नंबर. वरचे सर्व निर्दोष निघाले तरच इंजिन खोलायचे.

आमच्या जीपची तपासणी

आपली जीप क्रॉस-कंट्रीच्या वेळी धावणाऱ्यांच्या मागून जाते आणि ट्रेकला पायथ्याशी उभी असते. तिच्यात प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचर असते. एखाद्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच न्यावी लागते, म्हणून ती "चालते आहे ना, चालू द्या" म्हणण्यासारखी गाडी नाही. तिचे इंजिन शहरातल्या एका कार्यशाळेत बांधून आणले आणि आपल्या शेडमध्ये बसवले. त्यानंतर ती थरथरू लागली. इंजिन परत पाठवावे, असे बहुतेकांचे मत पडले. एमटीचे उस्ताद म्हणाले, "पहले पूछो, फिर खोलो." क्लबच्या आम्हा सहा कॅडेट्सना नोंदी ठेवण्याचे काम मिळाले. पाना उस्ताद आणि मेकॅनिक यांच्याच हातात होता.

नोंदी अशा होत्या. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्येच कंपन येत होते. म्हणून शाफ्ट आणि चाके बाद झाली. जीपला फेऱ्यांचा काटा नाही. म्हणून पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लॅबमधल्या टॅकोमीटरने फेऱ्या मोजल्या. ८०० वर इंजिन जवळपास शांत, १५०० वर हलकी थरथर, २००० वर स्टिअरिंग हातात नाचू लागले आणि २४०० वर आरशात काहीच ओळखू येईना. क्लच दाबून काही फरक नाही. एअर काढली, तरी फरक नाही. नोजलचे नट एकेक सैल केल्यावर चारही वेळा फेऱ्या जवळजवळ सारख्याच पडल्या. बेल्ट काढला, थरथर तशीच.

मध्ये एक गोष्ट घडली. डाव्या फाउंडेशनचा नट थोडा सैल सापडला. सगळ्यांना वाटले, हेच कारण. नट आवळला आणि पुन्हा २४०० फेऱ्या दिल्या. थरथर होती तशीच. एक दोष सापडला म्हणजे तो आपणच शोधत असलेला दोष असेल असे नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर तीच चाचणी त्याच फेऱ्यांवर पुन्हा घ्यावी लागते.

आता फिरणारे भाग तेवढे उरले. कार्यशाळेच्या कारागिराने इंजिनाबरोबर एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर चारही पिस्टनची वजने होती आणि त्यांत जास्तीत जास्त ३ ग्रॅमचा फरक होता. ती चिठ्ठी पाहून उस्तादांनी इंजिन न उतरवता फक्त गिअरबॉक्स उतरवण्याचे ठरवले. प्रेशर प्लेट समोर आली तेव्हा कारण दिसले. तिला फ्लायव्हीलच्या मधोमध धरणाऱ्या तीन डॉवेल पिनांपैकी दोन जागेवर नव्हत्या. बोल्ट घट्ट होते, पण बोल्टभोवतीच्या मोकळ्या जागेएवढी प्लेट एका बाजूला सरकून बसली होती. पिना शेडमधल्याच डब्यात जुन्या बोल्टांबरोबर डिझेलमध्ये पडलेल्या सापडल्या. क्लच कार्यशाळेत नव्हे, आपल्याच शेडमध्ये जोडला गेला होता.

पिना बसवल्या, प्लेट खुणेवर आणली, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. पुढच्या शनिवारी २४०० फेऱ्यांवर आरशात मागच्या भिंतीवरची अक्षरे वाचता आली. उस्तादांनी सर्वांसमोर कार्यशाळेला फोन लावला आणि सांगितले, "आपका काम ठीक था, कमी हमारे यहाँ थी." तसेच लॉग बुकातही लिहिले.

अर्धा मिलिमीटर एवढा महत्त्वाचा का?

हा प्रश्न आमच्यापैकी सर्वांनाच पडला. त्याचे उत्तर गणितात आहे. फिरणाऱ्या वस्तूचे केंद्र r एवढे सरकले असेल तर बाहेर ओढणारा जोर m × r × ω² एवढा असतो. अकरावीच्या वर्गात हे सूत्र येतेच. इथे ω म्हणजे सेकंदाला किती रेडियन.

प्रेशर प्लेटचे वजन काट्यावर ५ किलोच्या आसपास भरले. ती ०.५ मिलिमीटर सरकली असे धरू. m × r झाले ५००० ग्रॅम × ०.५ मिलिमीटर = २५०० ग्रॅम-मिलिमीटर. फ्लायव्हीलवर केंद्रापासून १२.५ सेंटिमीटरवर २० ग्रॅमचा नट चिकटवला तर जेवढा तोल जाईल तेवढाच हा.

८०० फेऱ्यांवर ω सुमारे ८४. जोर येतो सुमारे १८ न्यूटन, म्हणजे पावणेदोन किलो वजनाएवढा. एवढ्या मोठ्या इंजिनाला तो जाणवतही नाही.
२००० फेऱ्यांवर ω सुमारे २०९. जोर सुमारे ११० न्यूटन, म्हणजे ११ किलो.
३००० फेऱ्यांवर ω सुमारे ३१४. जोर सुमारे २४७ न्यूटन, म्हणजे २५ किलो. आणि हा जोर सेकंदाला ५० वेळा दिशा फिरवतो.

फेऱ्या दुप्पट झाल्या की जोर चौपट. म्हणूनच स्लोवर शांत असलेली जीप रेस दिल्यावर थरथरत होती.

आता पिस्टनचा हिशेब पाहा. क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर धरली तर ३ ग्रॅमच्या फरकाचे होतात १३५ ग्रॅम-मिलिमीटर. कुठे १३५ आणि कुठे २५००! कारागिराची ती छोटीशी चिठ्ठी म्हणजे किती मोठा पुरावा होता, हे या एका गुणाकाराने कळते.

दुर्लक्ष केले तर?

"इंजिन नवे आहे, रनिंग झाले की बसेल," असे पुष्कळ जण म्हणतात. नव्या रिंगा सिलिंडरला बसेपर्यंत इंजिन थोडे जड चालते हे खरे. पण गेलेला तोल चालवून चालवून परत येत नाही. उलट प्रत्येक फेरीत तोच धक्का बसून धातू थकतो. डिझेलच्या पाइपाला बारीक चीर जाते आणि गरम इंजिनावर डिझेल गळू लागते. ब्रॅकेट तुटतात, वायरींचे वेष्टण घासून जाते. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल होणे ही त्याहून वाईट अवस्था आहे, कारण ते जड चाक तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरत असते.

सुरक्षेचे नियम

तपासणी नेहमी उस्तादांच्या किंवा सरांच्या देखरेखीखालीच करावी. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकांना लाकडी ठोकळे लावलेले असावेत. लॅनयार्ड, स्कार्फ, घड्याळ काढून ठेवावे. फॅनला हे सगळे लगेच ओढून घेता येते. नोजलमधून उडणाऱ्या डिझेलसमोर हात कधीही धरू नये. ती धार कातडीतून आत जाते आणि बाहेरून फक्त टोचल्यासारखे दिसते. असे झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. नवे इंजिन जास्त फेऱ्यांवर काही सेकंदच ठेवावे.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर, जीप किंवा जुनी गाडी आहे आणि तिचे इंजिन कधी ना कधी बांधावे लागते. काम देतानाच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पिस्टन आणि रॉडची वजने लिहून द्या, आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट सोडण्यापूर्वी त्यांवर पंचने खूण करा. चारपैकी एकच सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घालण्याची वेळ आली, तर वजनाबद्दल आवर्जून विचारा. त्याला खर्च जवळजवळ नाही. पुढे थरथर आलीच, तर भांडणाऐवजी कागद समोर ठेवता येतो.

लक्षात ठेवा

• दोन फेऱ्यांत एकदा हिसका: सिलिंडर पाहा. फेरीत एकदा थरथर: तोल पाहा. फेरीत दोनदा भुणभुण: रबरे आणि टेकलेले पाइप पाहा.
• रेसबरोबर वाढणारे कंपन तोलाचे, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारे शाफ्टचे किंवा चाकांचे.
• एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.
• दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी दोष कुठे आहे ते ठरवा.

सरावासाठी प्रश्न

१. सहा सिलिंडरचे चार स्ट्रोक इंजिन ६०० फेऱ्यांवर चालते. सेकंदाला किती ठोके? त्यातला एक सिलिंडर बंद असेल तर सेकंदाला किती हिसके?
२. एक गाडी तासाला ६० किलोमीटरवर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सारखीच थरथरते. आधी काय तपासाल?
३. तोल गेल्यामुळे १००० फेऱ्यांवर १० न्यूटन जोर येतो. ३००० फेऱ्यांवर किती?

उत्तरे: (१) ३० ठोके, ५ हिसके. (२) प्रोपेलर शाफ्ट आणि चाके. (३) ९० न्यूटन.